महिना साडेअकरा पौंडांचा

ॲडमिशन झालं, फी भरली, आयकार्डसाठी फोटोही काढून झाला. आता होस्टेलचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, लोकलचा नाहीतर एसटीचा पास, आणि घरून दर महिन्याला खात्यावर येणारी एक ठरावीक रक्कम. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे पैसे यंदा पहिल्यांदाच येतील. ते कसे वापरायचे हे सांगणारं एक लेक्चर कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात असतंच. त्यात स्लाइडवर एक पिरॅमिड येतो, बचत, गुंतवणूक वगैरे लिहिलेला, आणि मागच्या बाकांवर सगळे रील बघत असतात. म्हणून इथे स्लाइड नको. एका विद्यार्थ्याची गोष्ट घेऊ. नाव भीमराव रामजी आंबेडकर.

थांबा, पान उलटू नका. बाबासाहेबांवरचे लेख 14 एप्रिलला आणि 6 डिसेंबरला येतात, त्यात घटना असते, चवदार तळं असतं, दीक्षाभूमी असते. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. निळ्या सुटातला, हातात पुस्तक घेतलेला पुतळा तर गावागावात आहे. पण विद्यार्थी असताना त्यांच्या हातातल्या पुस्तकांचे पैसे कुठून आले, ते कधी संपले, संपल्यावर त्यांनी काय केलं, हे आपण फारसं विचारत नाही. आणि गंमत म्हणजे ज्या माणसानं पुढे रुपयावरच प्रबंध लिहिला, त्याची स्वतःची रुपयांची ओढाताण या प्रबंधाइतकीच वाचण्यासारखी आहे.

सुरुवात परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीपासून. वडील रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. पेन्शन तुटपुंजी, खाणारी तोंडं बरीच. मुलाला मात्र पुस्तकांचं वेड. शाळेच्या पुस्तकांपलीकडची पुस्तकं त्याला हवी असायची आणि वडील ती आणून द्यायचे. पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. आधी धाकटीकडे उसने मागायचे, तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिचा एखादा दागिना मागून घ्यायचे, तो सावकाराकडे गहाण पडायचा, पुस्तक घरी यायचं, आणि पेन्शन हातात आली की दागिना सोडवून मुलीला परत जायचा. ही आठवण स्वतः बाबासाहेबांनीच पुढे सांगितलेली आहे.

आता हा व्यवहार जरा बारकाईनं बघा. कर्ज कशासाठी, ते ठरलेलं. फेडायचं कशातून, तेही ठरलेलं: महिन्याची पेन्शन. आणि तारण म्हणून जे ठेवलंय ते दुसऱ्याचं आहे, म्हणून ते परत करायची जबाबदारी स्वतःच्या वस्तूपेक्षा मोठी. अर्थशास्त्राचा पेपर न देताही रामजींना हे कळत होतं. सोनेतारण कर्जाच्या जाहिराती आज चौकाचौकात दिसतात, त्यांचं गणित याहून वेगळं नाही. फक्त जाहिरातीत बहिणीचा चेहरा दिसत नाही.

1907 मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलानं मॅट्रिक होणं ही तेव्हा सभा भरवून साजरी करायची गोष्ट होती, आणि तशी सभा झालीही. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. बागेत बसून पुस्तक वाचणाऱ्या या मुलाला ते आधीपासून ओळखत होते. त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे कॉलेजात पैशाअभावी शिक्षण अडणार असं दिसल्यावर याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची गोष्ट नेली. महाराजांनी मुलाला भेटीला बोलावलं, प्रश्न विचारले, उत्तरं पटली, आणि महिना 25 रुपयांची स्कॉलरशिप सुरू झाली. 1912 मध्ये भीमराव बी.ए. झाले.

तुमच्या कॉलेजमध्येही एखादे केळुसकर असतात, बरं का. बहुतेक वेळा ते स्कॉलरशिपच्या खिडकीमागे बसलेले क्लार्क असतात किंवा लायब्ररीतले काका. कुठला फॉर्म कधी सुटतो, कोणता दाखला आत्ताच काढून ठेवायला हवा, हे त्यांना पाठ असतं. पहिल्या आठवड्यात त्यांची ओळख करून घेतली तर पुढची तीन वर्षं सोपी जातात.

1913 च्या फेब्रुवारीत वडील गेले. घरात बायको रमाबाई, तान्हा यशवंत, आणि डोक्यावरचं छप्पर असलेला माणूस नाही. त्याच वर्षी बडोदे सरकारनं काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. भीमरावांची निवड झाली. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ, तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड.

पण आधी एक कागद होता. 4 जून 1913 ला भीमरावांनी करारावर सही केली. अट अशी की शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानाची नोकरी करायची. तीन वर्षांच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची हमी. वय 22, म्हणजे हा मजकूर लिहिणाऱ्या इंटर्नएवढंच. पुढची दहा वर्षं आधीच लिहून द्यायची, हे वाचून माझ्या तर पोटात गोळा आला. भीमरावांना दुसरा रस्ताही नव्हता. या सहीचं पुढे काय झालं ते येईलच.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले. साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या भावानं महिन्याला 170 रुपयांच्या आसपास, डॉलरमध्ये साधारण 55. परळच्या हिशेबानं ही रक्कम मोठी, न्यूयॉर्कच्या हिशेबानं बेताची, आणि त्यातूनच थोडे मुंबईला घरी पाठवायचे. पहिल्या काही दिवसांतच त्यांनी राहण्याच्या जागा बदलल्या. हार्टली हॉलमधलं जेवण पटेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल. तिथे नवल भथेना नावाचा पारशी मित्र मिळाला. हे नाव लक्षात ठेवा.

चरित्रकार सांगतात की सुरुवातीचे काही महिने भीमरावांचेही तुमच्या-आमच्यासारखेच गेले. नाटक, खेळ, मित्र, रात्री उशिरापर्यंत गप्पा. नवं शहर, पहिल्यांदा मिळालेली मोकळीक, आणि जिथे जातीवरून पाणी वेगळं ठेवत नाहीत असं आयुष्यातलं पहिलंच ठिकाण. कोण घरात बसेल? मग एका रात्री त्यांनी स्वतःशीच हिशेब मांडला. घरची माणसं कोणत्या अवस्थेत आहेत, आपण कशासाठी आलोय, आणि तीन वर्षांतले किती महिने उरलेत. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात पुतळ्याचा माणूस होतो. खर्चाचं भान कुणालाच जन्मतः नसतं, त्यांनाही पहिल्या दिवशी नव्हतं.

त्यानंतर मात्र त्यांनी कोलंबिया अक्षरशः वसूल केलं. अर्थशास्त्राचे 29 कोर्स, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, शिवाय मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र. पैसे तेवढेच, वर्षं तेवढीच, पण वर्गात बसायची मुभा होती तिथे सगळीकडे ते बसले. 1915 मध्ये एम.ए. झाले. 1916 च्या मे महिन्यात जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या अर्थकारणावरचा मोठा प्रबंध तयार झाला.

जेवणावर, कपड्यांवर, करमणुकीवर ते हात आखडून खर्च करायचे. एका गोष्टीला मात्र ही शिस्त लागू नव्हती. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे 2000 पुस्तकं जमवली. दोन हजार! आजचा कुठलाही बजेट ॲप त्यांना लाल रंगात इशारे देत सुटला असता. पण बघा, ती नवी पुस्तकं नव्हती, जुन्या बाजारातली होती, आणि ज्या कामासाठी ते अमेरिकेत आले होते त्याचंच ते सामान होतं. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तकं घासाघीस करून घेणाऱ्या सगळ्यांना ही परंपरा माहीत आहे.

आता एक असा खर्च, जो कुणी आधी सांगत नाही. कोलंबियाचा तेव्हा नियम होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती जमा केल्याशिवाय पीएच.डी. पदवी हातात पडणार नाही. छपाईचा खर्च विद्यार्थ्याचा. भीमरावांचं काम 1916-17 मध्येच झालेलं होतं, पण ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं ते पुस्तक लंडनला छापून निघालं 1925 मध्ये, आणि पदवी मिळाली 1927 मध्ये. इतकी वर्षं! फी किती, हा प्रश्न आपण विचारतो. डिपॉझिट, जर्नल, प्रोजेक्टचं बाइंडिंग, परीक्षा फी, फील्ड व्हिजिट, इंटर्नशिपला जायचा प्रवास, हे कुणी विचारत नाही. प्रॉस्पेक्टसमध्ये ते बारीक अक्षरात असतं, किंवा नसतंच. वरच्या वर्गातल्या कुणाला तरी चहा पाजा आणि गेल्या वर्षी फीशिवाय किती लागले ते विचारून घ्या.

1916 मध्ये भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्ही एकदम. बडोद्याकडे मुदतवाढीची विनंती केली होती, ती काही काळापुरती मिळाली. पण 1917 च्या मध्यावर संस्थानाचं बोलावणं आलं: स्कॉलरशिपची मुदत संपली, परत या. शिक्षण अर्धवट, खिसा रिकामा, आणि वर पहिलं महायुद्ध चालू.

इथे त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रडत बोटीत बसण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली की ऑक्टोबर 1917 पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे सुरू करता येईल. दार बंद होत असताना त्यांनी त्यात पाय अडकवून ठेवला. पैशांच्या अडचणीमुळे दरवर्षी कितीतरी मुलं कॉलेज सोडतात आणि त्यातली बरीच कुणाला काही न सांगता सोडतात. एक दिवस यायची बंद होतात, बस. गॅपसाठी अर्ज करता येतो का, आधीचे क्रेडिट टिकतात का, फीचे हप्ते करून मिळतात का, हे ऑफिसात विचारायलाच लाज वाटते. भीमरावांनी विचारलं. ते एक पत्र नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

परतीच्या प्रवासात त्यांनी सामानसुमान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती. ती बोट टॉर्पेडोनं बुडाली. पुस्तकं समुद्रात गेली. ज्या कंपनीमार्फत सामान पाठवलं होतं, त्या थॉमस कुककडून 600 रुपये नुकसानभरपाई मिळाली आणि गंमत बघा, बडोद्याला जाऊन नोकरीवर रुजू व्हायला त्यांच्याकडे तेवढेच पैसे होते. सामान रीतसर कंपनीमार्फत न पाठवता कुणाच्या तरी हाती दिलं असतं तर तेही मिळाले नसते. पावती जपून ठेवा, असं आजी म्हणते ना, ते हेच.

सप्टेंबर 1917. करार पाळायला भीमराव बडोद्याला गेले. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून आलेला माणूस, महाराजांचा लष्करी सचिव. पण त्या शहरात त्याला भाड्यानं खोली मिळेना. एका पारशी खाणावळीत राहिले, तिथून लोकांनी लाठ्या घेऊन येऊन हुसकावलं. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकायचे. नोव्हेंबरपर्यंत ते मुंबईला परतले होते. दहा वर्षांचा करार काही महिन्यांत मोडला. मोडला कुणी, हे तुम्हीच ठरवा. संस्थानानं खर्च केलेल्या पैशांचा विषय मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या मागे होता. कराराच्या कागदावर विद्यार्थ्यानं काय करायचं ते लिहिलं होतं. त्याला राहायला खोली मिळेल, कचेरीत हातात फाइल मिळेल, याची हमी त्या कागदात कुठेच नव्हती.

म्हणून बॉण्ड, डिपॉझिट, स्कॉलरशिपची अट, प्लेसमेंटच्या नावावर घेतलेली सही, यातलं काहीही समोर आलं की दोन्ही बाजू वाचा. मी मध्येच सोडलं तर किती भरायचे? आणि त्यांनी शब्द पाळला नाही तर? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदात सापडत नसेल तर सहीच्या आधी ते विचारा, आणि लेखी घ्या.

मुंबईत हातात काम नाही. त्यांनी दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. आणि मग, हे वाचून मला खरंच आश्चर्य वाटलं, त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक कंपनी काढली. होय, शेअर्सचा सल्ला. अर्थशास्त्राचं ज्ञान होतं, गिऱ्हाइकंही येऊ लागली. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली आणि कंपनी बंद पडली. सल्ला चुकला म्हणून कुणी गेलं नाही. पैशाला जात नसते असं आपण सहज बोलून जातो. पैसेवाल्यांना होती. फायनान्शियल लिटरसीच्या लेक्चरमध्ये ही स्लाइड कधीच नसते: तुम्ही सगळं बरोबर केलंत तरी काही दारं तुमच्या हिशेबावर उघडत नाहीत. ज्या मित्राला आडनाव ऐकून आजही भाड्याची रूम नाकारतात, त्याला तुम्ही कॉफीचा खर्च कमी कर असं सांगून काय उपयोग?

1918 च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. तात्पुरती, पण पगार महिना 450 रुपये. आता विचार करा. इतकी वर्षं ओढाताण केलेला माणूस, पहिल्यांदा भरघोस पगार. कुणीही मोठं घर बघेल. आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चाला ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हातात द्यायची आणि उरलेले बाजूला टाकायचे. कारण डोक्यात ती चार वर्षांची मुदत होती. पगार वाढला, खर्च वाढला नाही, आणि वाढ कुठे चाललीय हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

ही काटकसर सांगताना एक माणूस नेहमी विसरला जातो. ती ठरावीक रक्कम महिनाअखेरपर्यंत पुरवायची रमाबाईंनी. नवरा परदेशात असताना मुलं आजारी पडायची ती त्यांच्याच समोर. त्यांना कुणी अर्थशास्त्र शिकवलं नव्हतं. त्या दोन खोल्यांतलं खरं बजेट त्यांचं होतं, आणि लंडनच्या पदव्यांचा एक मोठा हिस्सा त्या चुलीतून वाचलेला आहे. तुमच्या खात्यावर दर महिन्याला जे येतं त्याच्यामागेही घरात कुणीतरी असतं. आईला कधीतरी विचारा की माझी फी भरली त्या महिन्यात काय काय पुढे ढकललं.

मार्च 1920 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची बचत, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेनाकडून घेतलेले 5000 रुपये. तोच लिव्हिंग्स्टन हॉलचा मित्र. जुलैत ते निघाले, सप्टेंबरअखेर पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. मुदत संपायला एक वर्ष बाकी होतं.

लंडनमधले ते दिवस तुम्ही ऐकलेले असतात. सकाळी पावाचा तुकडा आणि बोव्हरिलचा कप, मग ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी उघडायच्या आत दाराशी हजर, दुपारचं जेवण बहुधा नाहीच, भाड्याचे पैसे वाचवायला पायी प्रवास, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या कुणी दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर. हे प्रसंग भाषणांत फार रंगवून सांगितले जातात. मला त्याचा थोडा रागच येतो. उपाशी राहणं ही युक्ती नव्हती, ती नाइलाजानं आलेली गोष्ट होती. होस्टेलवर मेस बंद करून वडापाववर महिना काढणाऱ्या मुलांना आपण बाबासाहेबांचा दाखला देऊन गप्प बसवू नये.

आणि तो नाइलाज नेमका कशातून आला, हे त्या पापडांपेक्षा जास्त रंजक आहे. 1920 च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून जास्त मिळत होते. मग रुपया गडगडला. 1921 मध्ये भाव दीड शिलिंगाच्याही खाली गेला, सोळा पेन्सच्या आसपास. गणित करून बघा: 5000 रुपयांचे दोन शिलिंग भावानं 500 पौंड होतात, सोळा पेन्सच्या भावानं 333. बचत रुपयांत, कर्ज रुपयांत, खर्च पौंडांत. एक पैही जास्त खर्च न करता मुंबईहून येणाऱ्या पैशांचा तिसरा हिस्सा हवेत. याच अडचणीत त्यांनी 1921 मध्ये शाहू महाराजांना पत्र लिहून 200 पौंड मागितले, आणि मागताना ते देणगी म्हणून मागितले नाहीत, कर्ज म्हणून मागितले. भथेनालाही पत्रं जात होती. मित्राकडे पुन्हा पुन्हा हात पसरताना होणारा संकोच त्या पत्रांत आहे, पण आकडा आणि कारण दोन्ही स्पष्ट आहेत.

आणि हाच माणूस त्या वेळी लायब्ररीत बसून काय लिहीत होता? रुपयाचा प्रश्न. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. रुपयाचा परदेशी भाव सांभाळत बसण्यापेक्षा देशात रुपयाला काय विकत घेता येतं ते स्थिर राहिलं पाहिजे, आणि सरकारला मनाला येईल तितके रुपये पाडता येता कामा नयेत, असा त्याचा ढोबळ सूर. चलन घसरलं की पहिला मार पगारावर आणि ठरावीक रकमेवर जगणाऱ्यांना बसतो. परीक्षकांना प्रबंधातली सरकारवरची टीका झोंबली, दुरुस्त करा म्हणाले. तोवर पैसे पूर्ण संपले होते. एप्रिल 1923 मध्ये आंबेडकर मुंबईला परतले, इथूनच दुरुस्ती करून प्रबंध पाठवला, आणि वर्ष संपायच्या आत डी.एस्सी. मिळाली. पुस्तक छापून आलं ते आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेलं, आपल्या शिक्षणासाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दल. दागिने गहाण ठेवणाऱ्या सुभेदारांचं नाव रुपयावरच्या पुस्तकात असावं, हे मला अगदी योग्य वाटतं.

बॅरिस्टर झाले होते, पण वकिली सुरू करायला सनद लागते आणि सनदेला पैसे लागतात. तेही शेवटी भथेनानंच दिले. वकिली जम धरेपर्यंत आंबेडकर बाटलीबॉयच्या अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये पार्टटाइम व्यापारी कायदा शिकवत होते, 1925 ते 1928. दोन-दोन डॉक्टरेटच्या लायकीचा माणूस पार्टटाइम शिकवणी करतो, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

भथेनासारखा मित्र सगळ्यांना मिळत नाही. तुमच्या फोनमध्ये आज त्याच्या जागी दहा मिनिटांत लोन देणारी ॲप आहेत. फरक असा की भथेनानं भीमरावांच्या नातेवाइकांचे नंबर मागितले नव्हते. कर्ज घ्यायचीच वेळ आली तर ॲपमागे रिझर्व्ह बँकेची नोंदणी असलेली बँक किंवा कंपनी कोणती ते बघा, आणि की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद मागा. तो देणं नियमानं बंधनकारक आहे, त्यात व्याज आणि सगळे चार्जेस मिळून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. कॉन्टॅक्ट्स आणि गॅलरीची परवानगी मागणारं ॲप तिथल्या तिथे उडवा. शैक्षणिक कर्जाचंही तसंच. कोर्स चालू असताना हप्ता नसतो म्हणून ते फुकट वाटतं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. एक लाख उचलले, दर 10 टक्के, तर सरळ व्याजानंही चार वर्षांत 40 हजार. अधूनमधून नुसतं व्याज भरत राहिलात तर पुढचा हप्ता बराच हलका होतो.

बाबासाहेबांनी स्वतःचे हाल पुढच्या मुलांना दाखला म्हणून दिले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद करून घेतली. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, त्याचे वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावं. आज महाडीबीटी पोर्टलवर जे फॉर्म तुम्ही भरता, त्यातल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मुळं त्याच तीन लाखांत आहेत. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या समाज कल्याण विभागाच्या योजनेला तर स्वाधार, आणि पुढे बाबासाहेबांचंच नाव आहे. फी माफीला आणि परदेशी शिक्षणाला मदत करणाऱ्या योजनांवर शाहू महाराजांचं. तुमच्या प्रवर्गाला आणि उत्पन्नाला कोणती लागू होते ते कॉलेजच्या त्या खिडकीवर विचारा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, बँक खातं आधारशी जोडलंय का ते बँकेत जाऊन एकदा बघा, कारण पैसे थेट तिथेच येतात. आणि फॉर्म दरवर्षी नव्यानं रिन्यू करावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप येत नाही.